सत्त्याहत्तर डिग्री आणि चांदीची कांडी

जगातला कुठलाही आकडा आपल्यासमोर चळचळा कापतो, असं रोहिदास चेअरमनचं स्वतःबद्दल मत होतं. गुंठ्याचे चौरस फूट करा, लिटरचे किलो करा, फॅरनहाइटचं सेल्सिअस करा; हा डोळे मिटून उत्तर देणार. ते बरोबर की चूक हे तपासायची गावात कुणाची छाती नव्हती, कारण दुधाची फॅटही त्याच्याच डेअरीत लागायची. घोडनदीच्या काठानं सगळा कारभार असाच चालतो. ज्याच्या हातात फॅटचं मशीन, त्याचं गणित बरोबर.

तर या माणसानं सासूला शब्द दिला.

सासू सोजराबाई यवतची. तिची चांदी नावाची गाय दोनदा उलटली होती. वळूच्या बीजाची कांडी भरूनही गाभण राहिली नव्हती. तिसऱ्यांदा उलटली तर बाजार दाखवायचा, असं सोजराबाईच्या मुलानं घरात जाहीर करून टाकलं होतं. आणि म्हातारीचा जीव तर त्या गाईच्या गळ्यातल्या घुंगरात अडकलेला.

"मामी, गाय माजावर आली की टेम्पोत घाला आन् आणा हिकडं," रोहिदास फोनवर म्हणाला. "हमखास कालवड होणारी एकच कांडी टाकीत उरलीय. ती चांदीसाठी राखून ठिवतो."

एका सकाळी टेम्पोतून आधी चांदी उतरली, मग सोजराबाई.

सोजराबाईची एक पंचाईत होती. जावयाला वेडंवाकडं बोलायचं नाही, ही तिच्या घरातली शिस्त. त्यामुळं जावयाला जे सुनवायचं, ते ती गाईला सुनवायची.

"चांदे, डाक्टर कुठं दिसंना गं," ती म्हणाली.

डाक्टर म्हणजे कांड्या भरणारा विक्रम. तो नदीपलीकडच्या वस्तीवर गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. गाईचा माज काही रेंज यायची वाट बघत नाही.

"तवर मी टाकी तपासून घेतो," रोहिदास म्हणाला. इथंच घात झाला.

टाकी नवीकोरी. आत नायट्रोजनचं अतिगार पाणी, त्यात कांड्या बुडवून ठेवलेल्या, आणि वर तापमान दाखवणारं मीटर. ज्या शहाण्यांनी हे मीटर गावाच्या गळ्यात मारलं, त्यांना शेजारी मराठीत एक ओळ चिकटवायला हात मोडला होता! मीटरवर आकडा होता सत्त्याहत्तर, आणि पुढं बारीक इंग्रजी 'के'.

रोहिदासचा चेहरा नासलेल्या दुधासारखा झाला. "सत्त्याहत्तर? अरं, ही टाकी गार असाया पायजे ना?"

"के म्हंजी हजार असतंय, चेअरमन," दूध मोजणारा इंद्रजीत म्हणाला. "माझ्या मेव्हणीला धा के फॉलोअर हायेत."

"म्हंजी टाकीत सत्त्याहत्तर हजार डिग्री? सूर्याला तरी परवडंल का? के हे कंपनीचं नाव हाय. आन् आकडा फॅरनहाइट."

त्यानं डोळे मिटले. सत्त्याहत्तरातून बत्तीस गेले, पंचेचाळीस. गुणिले पाच, दोनशे पंचवीस. भागिले नऊ, पंचवीस. शेष शून्य!

"पंचवीस डिग्री," तो म्हणाला. "खोटं गणित कधी एवढं सरळ सुटत न्हाई. मामी, नायट्रोजन उडून गेला. कांड्या वितळाय लागल्यात."

"चांदे, उगा टेम्पोचे हिसके खाल्लेस गं," सोजराबाई म्हणाली.

रोहिदासनं झाकण उचललं. आतून पांढराशुभ्र ढग उसळला आणि त्याच्या मिशीवरून फरशीवर सांडला. इंद्रजीत थेट दुधाच्या कॅनमागं.

"चेअरमन, वाफ!"

"पंचवीसला वाफ कशी यील?" रोहिदासच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "फॅरनहाइट न्हाई गड्या! सेल्सिअसच हाय! आत उकळतंय!"

मग काय विचारता! टाकीत लांब दांड्यांना पोहऱ्यासारखे सहा डबे लटकलेले होते. रोहिदासनं दांड्या धरून पाच डबे भराभर उपसले, आतल्या रंगीत कांड्या स्टीलच्या किटलीत ओतल्या. सहावा उचलताना घाई नडली. त्यानं दांडीऐवजी खाली डब्यालाच बोट लावलं आणि असा बोंबलला, की चांदीनं टेम्पोवाल्याच्या पायावर पाय दिला.

"पोळलो! पोळलो!" डबा सुटून डुबकन आत गेला. रोहिदासनं झाकण आपटलं. बोट तोंडात घालून तो म्हणाला, "बघा, फोड येणार. आता तरी पटलं का, गरम हाय म्हणून?"

"आन् त्या डब्यात काय व्हतं?" इंद्रजीतनं विचारलं.

त्या डब्यात चांदीची कांडी होती.

"चांदे, तुझीच तेवढी शिजली गं बाई," सोजराबाई म्हणाली. गाईच्या मानेवरून हात फिरवत ती तिथंच खाली बसली.

सासूचे भरलेले डोळे बघून रोहिदास किटली घेऊन पळाला तो समोरच्या दगडोबाच्या दुकानात. आईस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये मटका कुल्फीच्या शेजारी त्यानं सगळ्या वळवांची सोय लावली. घटकाभरात दगडोबा बोंबलत आला.

"चेअरमन, गिऱ्हाइकं कांड्या हातात धरून इचारत्यात, ही कुठल्या चवीची! काय सांगू?"

तेवढ्यात विक्रमची मोटारसायकल आली. त्याची नजर आधी फ्रीजरकडं गेली, मग रोहिदासच्या बोटाकडं.

"घाबरू नका डाक्टर," रोहिदास म्हणाला. "उणे अठरात ठिवल्यात. टाकी सत्त्याहत्तरवर गेलती."

"अहो, ते केल्विन हाय! त्यातनं दोनशे त्र्याहत्तर वजा करायचं असतंय!"

"सत्त्याहत्तरातनं दोनशे त्र्याहत्तर? हातचा कुणाकडनं घ्यायचा?"

"उणे एकशे शहाण्णव!" विक्रम गरजला. "तिथं राहणाऱ्याला उणे अठरा म्हंजी वैशाखातलं दौंड स्टेशन! मेल्या की सगळ्या!"

"मग वाफ? आन् माझं बोट?"

"गारठ्याचा ढग हाय तो. आन् लई गार बी पोळतंयच. आधी कोमट पाण्यात घाला ते बोट."

पाच डब्यांतल्या वळवांना कुल्फीच्या शेजारी सामुदायिक वीरमरण आलं होतं. विक्रमनं सुस्कारा टाकत टाकी उघडली. सहावा डबा दांडीनं वर घेतला आणि त्याचे डोळे चमकले.

"ही एक बरी वाचली?"

"बोट पोळलं म्हणून ती सुटली," रोहिदास पुटपुटला.

सोजराबाई उठली, पदर खोचला आणि गाईचं दावं घट्ट धरलं. "चांदे, जावयाच्या हातनं जेवढं सुटलं, तेवढंच वाचलं बघ."

विक्रमनं त्याच घटकेला कांडी भरली.

तीन महिन्यांनी यवतहून फोन आला. चांदी गाभण होती. सोजराबाईच्या मुलानं बाजाराचं नाव काढणं सोडलं होतं. रोहिदासची छाती पुन्हा फुगली.

"मामी, व्यायची तारीख आत्ता काढून देतो. गाभणकाळाचं दिवस घ्यायचं, त्याला भागिले..."

पलीकडून घुंगराचा आवाज आला आणि मग सोजराबाईचा.

"चांदे, फोन ठिव गं बाई."