नवरदेवाचा घडीचा चाकू

"उघडी धार घेऊन पोरगा वरातीत नाचन? सेफ्टी काई आहे का नाई?" देवीदासने घरात विचारलं, आणि पियूषच्या लग्नाची कट्यार आपण स्वतः घडवणार, तीही घडीची, असं जाहीर करून टाकलं.

हळदीपासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवाने टोकाला लिंबू खोचलेली कट्यार हातातून सोडायची नाही, ही रीत. पण देवीदास पडला स्टील प्लांटातला फिटर. सुपेल्याच्या बाजारातल्या कट्यारीला तो पत्रा म्हणाला. मग महिनाभर अंगणात कानस करकरत होती. जुन्या करवतीच्या पात्यातून त्याने पातं काढलं, पितळेच्या दोन पट्ट्यांत बसवलं, पाठीला स्प्रिंग दिली, आणि सांध्याची खीळ ठोकून ठोकून अशी आवळली की पातं केसभरही डगमगेना. आपल्या वस्तीत, वैशाली नगरात, भेटेल त्याच्या हाती चाकू देऊन तो म्हणे, "काढून दाखव खोट." होणाऱ्या सुनेचंही एवढं कौतुक झालं नव्हतं!

हळदीला चाकू झोकात उघडला. पण नवरदेवाला हळद माखणाऱ्या बाया त्याच्या हातातली वस्तू थोडीच वगळतात? नवरीच्या गावी, उतईला निघताना देवीदासने सेफ्टी म्हणून चाकू मिटला आणि लिंबू पोराच्या खिशात टाकलं. वाटेत सांध्यातली हळद वाळून सिमेंट झाली.

मांडवाच्या दारात पियूष कानाशी लागला. "बाबा, ये खुल नहीं रहा."

देवीदासने नख लावलं, नख तुटलं. गाडीची किल्ली घातली, किल्ली वाकली. चाकू सोडायचा नाही म्हणून पियूषने मूठ आवळलेली. बाप चाकू ओढी तिकडे नवरदेवही फरफटत जाई. त्यात आत्या तुळसाबाई आडवी उभी. उघडं लोखंड हाती नसेल तर भाचा मांडवात पाय टाकणार नाही, असं तिने बजावलं.

आता, वरपक्ष दारातच घोळका करून थांबला, की मुलीच्या बापाला एकच अर्थ कळतो. रुसले!

टिकाराम हात जोडून आला. "व्याही, काई कमी पडलं का?"

देवीदास पेचात पडला. खरं सांगावं तर फिटरचं नाव मातीत. न सांगावं तर लोभी ठरावं. "काई नाई, काई नाई," तो म्हणाला. लग्नाच्या दारातल्या 'काई नाई'वर आजवर कोणी विश्वास ठेवला आहे? टिकारामने आपल्या बोटातली अंगठी काढून पुढे केली आणि बाकीचं मागून पाहू म्हणाला. आत मांडवात तोवर मोटारसायकल मागितल्याची बातमी पोचली होती, मागच्या रांगेत जाईपर्यंत तिची कार झाली. एवढ्यात पियूषच्या फोनवर नवरी मोनालीचा निरोप आला, की असल्या हावरट घरात ती येत नाही, मुंडावळ्या उतरवते आहे.

पोराचं तोंड खिशातल्या लिंबासारखं पिवळं पडलेलं पाहिलं, आणि देवीदासने मान खाली घातली. "अंगठी नोको व्याही. पकड आहे का? चाकू अडकला."

"पकड?"

"मीच बनवला. जास्त आवळल्या गेला."

टिकारामने ट्रॅक्टरमधली पकड आणवली, पण चेहऱ्यावर विश्वास दिसेना. पियूषने मोनालीला मिटलेल्या चाकूचा फोटो धाडला. ती इतकी हसली की मुंडावळ्या पुन्हा बांधून घ्याव्या लागल्या. पकडीचे चार हिसके बसले, पातं उघडलं, लिंबू खोचलं, अक्षता पडल्या.

निरोपाच्या वेळी टिकारामने पुन्हा अंगठी काढली.

"मी खरंच सांगून राहिलो," देवीदास काकुळतीला आला. "चाकूच अडकला होता. थांबा, दाखवतोच तुमाले." त्याने पियूषकडून चाकू घेतला, मिटला, आणि जोर लावायला दात आवळून नख टेकवलं.

पातं लोण्यातून निघावं तसं उघडलं. पुन्हा मिटला. पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा तर नुसतं बोट लागलं.

टिकारामने हे सगळं शांतपणे पाहिलं. "फिटर मातर एक नंबर आहात बाप्पा," तो म्हणाला, आणि अंगठी देवीदासच्या बोटात सरकवली.