खांद्यावरचा हात

"स्टुडिओवाला कशाला पायजे? फोटो मी नीट करतो, त्योबी फुकटात!" महिपतीतात्यांनी छाती पुढं काढून जाहीर केलं, तेव्हा लासुर्ण्यातल्या त्यांच्या घरात कुणीच हसलं नाही. हसायला हवं होतं!

पुतण्या ऋषिराजचं लग्न जमत नव्हतं. जिकडंतिकडं नकार! आता कऱ्हाटीच्या दादासाहेबांची सुकन्या तेवढी आशा उरली होती. त्यांना मुलाचा एकट्याचा फोटो हवा होता. पण ऋषिराजचे डोळे उघडे असलेला फोटो एकच, इंदापूरच्या लग्नातला. त्यात शेजारी तात्यांच्या पत्नी बानूबाई होत्या. आईमागं त्यांनीच या पोराला वाढवलं, म्हणून त्याच्या खांद्यावर हक्कानं हात ठेवून!

तात्या अ‍ॅप शोधायला बसले. पहिल्या अ‍ॅपनं ऋषिराजच्या छातीवर स्वतःचंच नाव छापलं, जणू पोरगा त्याच्या कारखान्यातून निघाला होता! दुसऱ्यानं गोड बोलून सगळं करू दिलं आणि सेव्ह करताना पैसे मागितले. तिसरं मात्र खरंच फुकट. बोट फिरवलं की पोटदुखीच्या चूर्णाची जाहिरात, पुन्हा फिरवलं की पुन्हा चूर्ण! तरी तात्यांनी चिकाटीनं बानूबाईंना डोक्यापासून पायापर्यंत पुसलं, फोटो कऱ्हाटीला धाडला आणि मोबाईल भरला म्हणून मूळ फोटो उडवून टाकला.

थोड्या वेळानं दादासाहेबांचा फोन.

"महिपतीराव, पोराचं आधी लगीन झालंय का?"

"न्हाय वो! का?"

"मग त्याच्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा हात कुणाचा?"

तात्यांनी फोटो मोठा करून पाहिला. बाई गेली होती, हात राहिला होता! बांगड्यांसकट, पाहुण्याच्या घरी विसरलेल्या पिशवीसारखा! आता अ‍ॅप बिचारं भोळं. पूस म्हटलं की पुसतं. कुणाचा हात कुठवर पोचलाय, हे त्याला कोण शिकवणार?

"माझ्या बायकूचा हाय!"

"मग बायकू कुठं गेली?"

"मीच पुसली."

"बायकू... पुसली? थांबा, आमी येतोच तितं!"

तात्यांनी फोन ठेवला. तोच स्वयंपाकघरातून बानूबाईंचा आवाज आला, "अवं, मला पुसलं?"

"फोटोतनं गं!"

"आन हात तेवढा ठिवला! कामाला माझा हात पायजे, तोंड नगं, व्हय?"

आतल्या खोलीची कडी धाडकन लागली. तात्यांनी विनवण्या केल्या, शपथा घेतल्या. कडी ढिम्म! तासाभरानं दारात गाडी थांबलीच. दादासाहेब उतरले, मागोमाग त्यांची बहीण सारजाबाई, फौजदाराच्या थाटात.

"हाताची मालकीण कुठं हाय?"

"आत हाय," तात्यांनी घाम पुसला. "रुसलीय."

"बगा दादा!" सारजाबाई कडाडल्या. "पयलीला आसंच आत कोंडत्यात!"

दादासाहेब परत वळले. तात्या त्यांच्यामागं धावले. ऋषिराज मात्र बंद दाराशी गेला.

"काकी, येऊ नगंस. जाऊ दे लगीन. पर तुला फोटोतनं काढून आपल्या घरात सून यायची आसंल, तर मलाच नगं."

कडी निघाली. डोळे पुसत बानूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. सारजाबाईंनी मोबाईल हाताशेजारी धरला. मनगटावरचं गोंदण पाहिलं, फोटोतलं पाहिलं, पुन्हा हात पाहिला.

"त्योच हाय!" त्या म्हणाल्या. मग जरा हळू, "दादा, जावंच्या पोराला जी एवढी माया करती, ती आपल्या पोरीला काय तरास देईल?"

चहा झाला, साखर वाटली गेली. सगळे ओळीनं उभे राहिले आणि तात्यांनी फोटो काढला.

"अवं, ह्यात तुमीच न्हाय की!" दादासाहेब म्हणाले. "त्या अ‍ॅपातनं घाला की सवताला!"

तात्यांनी चोरून बानूबाईंकडं पाहिलं आणि मोबाईल खिशात घातला.

"ऱ्हाऊ द्या, पावणं. हिनं घरात ठिवलंय, तेवढंच लई हाय!"