सहा बल्बांचे संशयास्पद मृत्यू

माझ्या नजरेतून आजवर काहीही सुटलेलं नाही. जे सुटलं असेल ते मला दिसलंच नाही, त्यामुळे त्याची नोंद नाही. पोटापाण्यासाठी मी एका कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांची मापं घेतो, पण ती निव्वळ जगाच्या डोळ्यांत धूळफेक. आतून मी हाडाचा गुप्तहेर आहे. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच सांगत असतो.

त्या दिवशी मला सुट्टी होती आणि धाकट्या बहिणीचा जीव टांगणीला लागला होता. सहा वर्षं लोकांच्या गाड्या चालवून तिनं स्वतःची जुनी पिकअप घेतली होती. एका रोपवाटिकेनं रोज रोपं पोचवायचं काम तिला देऊ केलं होतं. अट एवढीच, की गाडी तपासणीत पास झाल्याचा कागद आज संध्याकाळपर्यंत हातात पडावा. नाहीतर काम दुसऱ्याला. आणि सकाळीच तपासनीसानं गाडी परत पाठवली होती. उजवा ब्रेकलाइट लागत नाही, बदला आणि चारच्या आत या, म्हणाला.

तिला मधल्या वेळात रोपवाटिकेत जायचं होतं. "दादा, बल्ब बदलता येईल ना तुला? नाहीतर मेकॅनिकला बोलावते."

मी नुसता हसलो. ती काळजीतच निघून गेली, पण काळजी करणं हा तिचा स्वभावच आहे.

मागच्या दिव्याचे दोन स्क्रू काढले, लाल काच बाजूला केली, बल्ब दाबून फिरवला आणि बाहेर ओढला. आतली तार तुटलेली. नवा बसवला. पाच मिनिटांत काम फत्ते. मग खातरजमा करायला मी गाडीत चढलो, किल्ली फिरवली, ब्रेक दाबला, उतरून मागे गेलो आणि पाहिलं.

दिवा बंद.

दुसरा बल्ब लावला. चढलो, दाबला, उतरलो, पाहिलं. बंद. तिसरा बंद, चौथा बंद. पुन्हा बल्बच्या दुकानात जाऊन आणखी दोन आणले. दुकानदारानं "एवढे कशाला?" असं विचारलं, म्हणून त्याला तिथल्या तिथे संशयितांच्या यादीत टाकलं. ते दोन बल्बही गेले. तासाभरात सहा बल्ब दगावतात, याला योगायोग म्हणणारा माणूस भोळा तरी असतो किंवा सामील तरी.

पहिला संशय शेजारच्या गवंडीकाकांवर. गेल्या आठवड्यात त्यांनी वाळू आणायला पिकअप मागितली होती आणि बहिणीनं नाही म्हटलं होतं. मी कुंपणावरून सहज विचारल्यासारखं विचारलं, की काल संध्याकाळी कुठे होतात. ते म्हणाले, तुमच्याच घरी, तुझ्यासमोर बसून चहा पीत होतो. उत्तर इतकं पक्कं होतं की माझा संशय बळावला.

दुसरा संशय उंदरावर. तारा कुरतडल्या असतील म्हणून मी गाडीखाली सरपटत गेलो आणि तारा शाबूत पाहून उंदीर हुशार असल्याचा निष्कर्ष काढला. मग तुलनेसाठी डावा ब्रेकलाइट तपासला. चढलो, दाबला, उतरलो, पाहिलं. तोही बंद. सकाळी तपासनीसानं चांगला ठरवलेला दिवा भरदुपारी गेला होता. गुन्हेगाराची भीड चेपली होती.

आई हे सगळं चालू असताना गाडीच्या मागेच खाट टाकून मटार सोलत बसली होती. एकमेव साक्षीदार, म्हणून मी तिची रीतसर जबानी घेतली. अनोळखी कुणी आलं होतं का? नाही. काही खटपट ऐकू आली का? तुझीच, म्हणाली. साक्षीदार सहकार्य करत नाही, अशी मी मनात नोंद केली आणि पुन्हा गाडीत चढलो. आता मी पळत मागे जात होतो, गुन्हेगाराला गाफील गाठायचं म्हणून.

सव्वातीनला बहीण आली. अंगणात काचा, स्क्रू, सहा बल्ब आणि घामाघूम मी. तिचा चेहरा पडला. मी तिला धीर देत सांगितलं, की प्रकरण वाटलं त्यापेक्षा खोल आहे, दोन्ही दिवे गेलेत.

"गेले कुठे?" आई मटार सोलता सोलता म्हणाली. "हा गाडीत बसला की दोन्ही दिवे लागतात. दुपारपासून माझ्या डोळ्यांवर उजेड मारतोय. मला वाटलं, व्यायाम करतोय."

बहिणीनं मला गाडीत बसवलं आणि ती मागे जाऊन उभी राहिली. दाब, म्हणाली. मी दाबला. सोड, म्हणाली. मी सोडला. मग ती खाटेवर बसली आणि आधी हसली, मग तिला रडू आलं.

"दादा, पाय काढल्यावर ब्रेकलाइट विझतोच रे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काचा बसवल्या, आईनं मटाराच्या सालींतून दोन स्क्रू शोधून दिले, आणि चारला दहा मिनिटं असताना आम्ही तपासणीच्या फाटकात शिरलो.

तपासनीसानं बहिणीला कागद घेऊन मागे बोलावलं आणि मला चालकाच्या जागी बसवलं. "ब्रेक दाबा," तो म्हणाला. मी दाबला. मागून काहीच आवाज येईना. तिची सहा वर्षं माझ्या एका पायाखाली होती आणि माझं सगळं अंग म्हणत होतं, उतर आणि बघ. दार उघडलंसुद्धा होतं मी.

"दादा," ती मागून शांतपणे म्हणाली, "पाय तिथेच ठेव. मी बघतेय."

मी दार लावून घेतलं. पाय ठेवला. घोट्यात कळ आली तरी ठेवला. खूप वेळानं ती खिडकीशी आली, तिच्या हातात शिक्का मारलेला कागद होता आणि ती म्हणाली, लागले रे दोन्ही, सोड आता.

मी स्वतः काहीच पाहिलं नव्हतं. तरी मी पाय काढला.