बुधवाऱ्यातली दूधपाजी हडळ

"इंग्रजाचा कायदा कचेरीत! या घरात माझा!" धुरपदाबाईनं बुधवारा पेठेतल्या शेजारणींना ठणकावलं. सून सरुबाई पहाटेच बाळंत झाली होती. कायदा असा, की आईचं पहिलं दूध जड, ते पिळून टाकायचं. तीन दिवस बाळाला नुसतं गुळाचं पाणी!

बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नव्हती. भर दुपारी तिथं काळोख, त्यात शेगडीतला ओव्याचा धूर. याच खोलीत धुरपदाबाईची सवत गोजरा बाळंतपणात गेली होती. तिचं लेकरूही रडून रडून मागोमाग गेलं. त्या रडण्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

दुपारी धुरपदाबाई गुळाचं पाणी घेऊन आत आली. बाळ गाढ झोपलेलं! पोट असं टम्म, जणू लग्नाची पंगत झोडून आलंय! ओठाशी दुधाचा थेंब.

"सरू, पाजलंस?"

"नाही जी! पाया पडते!" सरू म्हणाली. "मी भिंतीकडं तोंड करून निजले होते. जवळ कोणीतरी येऊन बसलं. चुटुचुटु आवाज आला. मी डोळेच नाही उघडले."

धुरपदाबाईच्या हातातली गुळपाण्याची वाटी कलंडली. हडळ होऊन आली! गोजरा!

सुपडू भगताला बोलावलं. त्यानं उंबऱ्यावर लिंबू कापलं, राख फुंकली. "दुधाची ओढ आहे तिला," एवढंच बोलला आणि विडा न खाताच निघून गेला!

दुसऱ्या दुपारी धुरपदाबाई बाळंतिणीच्या खोलीतल्या कणगीमागं लपली. घर निजलं. दार करकरलं. तोंडावर पदर ओढलेली एक बाई आत आली. पावलांचा आवाज नाही! ती वाकली, बाळ उचललं आणि मांडीवर घेऊन गुणगुणू लागली.

धुरपदाबाई दाराकडं वळली. पळावं, तर नातू त्या बाईच्या मांडीवर! डोळे घट्ट मिटून तिनं झेप घेतली आणि हडळीचा बुचडा धरला.

"माय! सोड! केस उपटले माझे!"

ती मालू निघाली! धुरपदाबाईचीच लेक, तान्हं पोर घेऊन माहेरी आलेली.

"तू? माझा कायदा मोडला?"

"कुठं मोडला? तू आईचं दूध मना केलं. आत्याचं कुठं केलं? पोराचा रडून रडून आवाज बसला होता, माय!"

धुरपदाबाईनं बाळाच्या पोटावरून हात फिरवला. "गोजराचं पोरही असंच उपाशी रडत..." मग तिनं बाळ सरूच्या मांडीवर ठेवलं. "पाज."

दाराशी शेजारणी जमल्या होत्या. "काय झालं? कोण किंचाळलं?"

धुरपदाबाईनं पदर सावरला. "हडळ होती! बुचडा धरून हाकलली!"

आतून मालू ओरडली, "अन् हडळीच्या डोक्याला तेल कोण लावणार?"