शमुवेल मास्तर आणि ती एक ओळ

शमुवेल मास्तरांना कुणी 'आज फार उकडतंय' म्हटलं, तरी ते लगेच विचारत, "कुठं लिवलंय?" डॉक्टरांनी तंबाखू सोडायला सांगितली, तर डॉक्टरांनाही तेच. भाजीवाली म्हणाली मेथी ताजी आहे, तर तिलाही तेच. लिहिलेलं नसेल ते मानायचं नाही आणि लिहिलेलं असेल त्यावर वाद घालायचा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

श्रीरामपूरजवळच्या त्या गावात मी नवा शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा मास्तर निवृत्त झालेले होते. फक्त ही बातमी त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली नसावी. सकाळी कोट घालून ते सगळ्यांच्या आधी शाळेत हजर. भेटेल त्याला "सलाम, सलाम" करायचं, लहान पोरांची नाकं स्वतःच्या रुमालाने पुसायची आणि मग वर्गावर्गातून कविता शिकवत हिंडायचं. हातवारे असे की नदीला पूर आला म्हणताच पहिल्या रांगेतली पोरं मागे सरकत. मास्तरीणबाई केव्हाच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की मास्तर त्या उभं राहून ऐकत. "देशाची खबर बसून ऐकायची व्हय?" बांगलादेशच्या लढाईत तर उभं राहून राहून त्यांचे पाय सुजले होते.

लढाई संपली आणि काही दिवसांनी सरकारचा नवा कायदा आला. प्रत्येक शाळेत राष्ट्रभक्तीचं एक पुस्तक रोज वाचायचं आणि पोरांकडून पाठ करून घ्यायचं. सगळ्यात जास्त आनंद मास्तरांना झाला. पुस्तकांचा गठ्ठा सायकलवरून त्यांनीच आणला. एक प्रत घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी पानात बोट घालून तणतणत माझ्याकडे आले.

"गुरुजी, हे वाचा."

मी वाचलं. 'देश आमुचा देव एकला, दुजा देव ना ठावा.'

"छान आहे की."

"काय छान? आमच्या बायबलातली पयलीच आज्ञा मोडती, दुसरा देव मानू ने! देशासाठी जीव मागा, आत्ता देतो. पर त्याला देव म्हनायला सांगू नका. देव हाय तो हाय."

"मास्तर, कविता आहे ती. शब्दशः नाही घ्यायची."

"कुठं लिवलंय?"

मास्तर मग माणसं जमवायला निघाले. मौलवीसाहेबांना ओळ ऐकवली, त्यांनी कानांना हात लावले. विठ्ठलमंदिरातले भजनीबुवा म्हणाले, "आन् मंग आमच्या इठोबानं कुटं जायाचं?" गावातले तीन धर्म एका मतावर आले आणि नगरला जाऊन शिक्षणखात्याच्या साहेबांना भेटायचं ठरलं. निघण्यापूर्वी प्रार्थना करावी, यावरही एकमत झालं. ती कुणी करावी, यावर होईना. अखेर तिघांनी पाळीपाळीने केली. बुवांचा शेवटचा अभंग संपला, तेव्हा नगरची एसटी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या घरून प्रार्थना उरकून यायचं ठरलं, तेव्हा कुठे गाडी मिळाली. मलाही त्यांनी बरोबर घेतलं.

साहेब सज्जन होते. म्हणाले, "दाखवा बघू ती ओळ."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुस्तक आणायचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं होतं.

"काई अडत न्हाई," म्हणत मास्तर उभे राहिले आणि पहिल्या पानापासून सुरू झाले. विरोध करायचा म्हणून त्यांनी पुस्तक इतकं बारकाईने वाचलं होतं की सगळं तोंडपाठ झालं होतं. ती ओळ मधेच कुठेतरी होती, पण कविता सुरू झालेल्या मास्तरांना थांबवणार कोण? साहेबांच्या टेबलावर हिमालय उभा राहिला. गंगा आली तेव्हा शाईची दौत कलंडली. दारात शिपाई गोळा झाले. नेमकी ती ओळ आली, तशी मास्तरांनी ओठ घट्ट मिटले, मनातल्या मनात ती जाऊ दिली आणि पुढची ओळ दुप्पट जोरात म्हटली.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "ओळ बदलणं माझ्या हातात नाही हो. पण तुमच्या शाळेत हे पुस्तक उत्तम शिकवलं जाणार, याची खात्री पटली." वर चहाही पाजला.

परतताना बुवा आणि मौलवीसाहेब मास्तरांच्या आवाजाचं कौतुक करत होते. राहुरी मागे पडल्यावर मास्तर म्हणाले, "जितं ही ओळ म्हनत्यात, त्या शाळंत मी यायचो न्हाई. शपथ घेत न्हाई, घेऊ ने असं लिवलंय. नुसतं सांगतो."

आणि ते खरंच आले नाहीत. आमचे हेडमास्तर कायद्याला भिऊन एक अक्षरही गाळायला तयार नव्हते. मास्तर कोट घालून आपल्या ओट्यावर बसू लागले. मधल्या सुट्टीत पोरांचा गलका कानावर आला की उठत, दोन पावलं चालत आणि परत येऊन बसत. बातम्या लागल्या तरी उठेनात. मला फार वाईट वाटायचं, पण त्यांना समजावणं माझ्याच्याने होईना.

सव्वीस जानेवारीला तालुक्याहून पाहुणे आले. चौथीतली कौशी कविता म्हणायला उभी राहिली. छान म्हणत होती आणि नेमकी त्या ओळीपाशी अडखळली. फ्रॉकचं टोक चुरगाळू लागली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. कौशीचा ओठ थरथरला, डोळे भरले.

इतक्यात कुंपणापलीकडून खणखणीत आवाज आला, "देश आमुचा देव एकला..."

कौशीने ओळ झेलली आणि धडाधड शेवटपर्यंत म्हणून मोकळी झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तसाच बाहेर धावलो. कुंपणाशी मास्तर उभे होते. कोटाला इस्त्री, छातीवर टाचलेला कागदी झेंडा.

"मास्तर, तुम्ही? आणि ती ओळ?"

"पोरगी रडाया लागली हुती वो," ते ओशाळून म्हणाले. "देवाला मी सांगीन समजावून. त्यो ऐकून घेतो. पोरीला कोन समजावनार?"

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरं इचारत्यात का माजं?"

"रोज विचारतात, मास्तर."

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून कौशी बाहेर आली आणि तिच्या मागोमाग अख्खी चौथी. कुणी मास्तरांचा हात धरला, कुणी कोट. आत पाहुण्यांचं भाषण सुरू झालं होतं. मी कुणालाच आत जा म्हटलं नाही.