मोठ्यांपासून सुरक्षित

तुम्हाला कुठलीही वस्तू घ्यायची असू दे, आधी मला विचारा! गादी, मिक्सर, सायकल, ट्रेकिंगचा तंबू, दाढीचं मशीन... बोला! तंबूत मी आयुष्यात एकदाही झोपलेले नाही आणि दाढीचा तर प्रश्नच येत नाही. पण 'गालावरून मखमलीसारखं फिरतं' हे वाक्य माझं! ते वाचून कितीतरी पुरुषांनी ते मशीन घेतलं. आमच्या नवऱ्यानेही घेतलं. नंतर आठवडाभर तो गालाला मलम लावून ऑफिसला जात होता, ती गोष्ट वेगळी.

माझं कामच ते. 'घरासाठी सर्वोत्तम अमुक', 'नवशिक्यांसाठी सर्वोत्तम तमुक' असे लेख मी वेबसाइटसाठी लिहिते. लेखात प्रत्येक वस्तूखाली एक लिंक असते. वाचकाने लिंक दाबून वस्तू घेतली की वेबसाइटला कमिशन मिळतं. या धंद्याचा एकच नियम : यादीतली प्रत्येक वस्तू कशात ना कशात सर्वोत्तम असलीच पाहिजे. एक सर्वांत टिकाऊ, एक सर्वांत हलकी, एक प्रवासाला सर्वांत सोयीची. काहीच सुचलं नाही तर 'रंगसंगतीत सर्वोत्तम'! आणि वस्तू हातात घेऊन बघायची काही गरज नसते. कंपनीने लिहिलेली माहिती वाचायची, वाक्यं उलटीपालटी करायची, झालं.

आता या सवयीने मला घरातली माणसंही तशीच दिसायला लागली आहेत. नवरा : वापरायला सोपा, पण आवाज करतो. सासूबाई : अत्यंत टिकाऊ, पण सूचनापुस्तिका फार मोठी. आणि आमची सव्वा वर्षाची लेक भिंगरी : आकाराने लहान, बॅटरी कधीच संपत नाही!

तर एका मोठ्या वेबसाइटच्या संपादकबाईंचा फोन आला. "विषय आहे लहान मुलांसाठी घरात बसवायची सेफ्टी लॉक्स. तुम्हाला लहान मूल आहे ना?"

"आहे ना! आणि मॅडम, माझ्याइतकी काळजी करणारी आई तुम्हाला शोधून सापडणार नाही." यात मात्र तसूभरही अतिशयोक्ती नव्हती. घरात नवी वस्तू आली की मी ती आधी टिश्यू रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जाते का ते बघते. जी वस्तू नळीतून जाते ती बाळाच्या घशात जाऊ शकते. नळी सतत माझ्या पर्समध्ये असते.

"छान. पण आमच्याकडे वापरून लिहावं लागतं हं. सगळी लॉक्स बसवा. सोमवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर मला दाखवा. जमलं तर कायमचं काम देऊ. घरूनच."

घरूनच! हा शब्द ऐकून मला रडूच फुटणार होतं. कारण एरवी हे लेख मी ऑफिसात बसून लिहिते, तिथली माझी रजा संपत आली होती आणि घरून काम मिळालं नाही तर भिंगरीची रवानगी पाळणाघरात होणार होती. मी ते पाळणाघर बघून आले होते. बाई प्रेमळ, मुलं हसरी, भिंतीवर रंगीत फुगे. पण फुग्यांच्या खाली, अगदी भिंगरीच्या बोटांच्या उंचीवर, विजेचा एक उघडा सॉकेट! त्या दिवसापासून डोळे मिटले की तो सॉकेट माझ्याकडे बघायचा.

खोकंभर लॉक्स आली. रविवारी मी कामाला लागले. सिंकखालच्या कपाटाला आणि फ्रिजला गोंदाने चिकटणारी पट्ट्याची लॉक्स. दारांच्या गोल मुठींवर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकची टोपणं. ती ठरावीक जागी दाबून धरली तरच मूठ फिरते, नाहीतर टोपण नुसतंच गरगर फिरतं. कपड्यांच्या कपाटाला आणि टेबलाच्या ड्रॉवरला आतून चुंबकाची लॉक्स. बाहेरून काही दिसतच नाही! चुंबकाची चावी वरून टेकवली की उघडतं. कमोडच्या झाकणावर बसवलेल्या लॉकबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. सासूबाई माझे लेख वाचतात.

"हे घर आहे का बँक?" नवऱ्याने विचारलं.

"आमच्या वेळी आम्ही पोरांवर डोळे ठेवायचो," सासूबाई म्हणाल्या. "त्याला चावी लागत नसे."

"आई, हे कामासाठी आहे."

"असू दे बाई. माझा चष्मा तेवढा बाहेर राहू दे."

पण चष्म्याला काच असते! मी चष्मा ड्रॉवरमध्ये ठेवला. फोनच्या चार्जरला वायर असते, चार्जर ड्रॉवरमध्ये. लॅपटॉपवर भिंगरीचा फार जीव. तो कपड्यांच्या कपाटात. सगळं बंद झाल्यावर हातात एकच वस्तू उरली, चुंबकाची चावी. ती मी नळीत घालून बघितली. सरळ आरपार गेली! ही वस्तू बाळाच्या हाती लागता कामा नये! घरातली सर्वांत सुरक्षित जागा कोणती? मी चावी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर ढकलला.

टक्!

काय समाधानाचा आवाज होता म्हणून सांगू!

सोमवारी सकाळी नवरा टॉवेल गुंडाळून बाथरूममधून आला आणि कपाटाशी झटापट करू लागला.

"अगं, हे उघडत नाहीये."

"चावी टेकव ना."

"कुठंय चावी?"

"ड्रॉव..." म्हणता म्हणता मला कालचं ते 'टक्' आठवलं.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ड्रॉवरकडे बघितलं. "म्हणजे ड्रॉवरची चावी ड्रॉवरमध्ये?"

"सुरक्षित आहे," मी म्हटलं.

"माझ्या सगळ्या पँट्स सुरक्षित आहेत! मी ऑफिसला काय टॉवेलवर जाऊ?"

"आणि माझा लॅपटॉप आत आहे! कॉलची वेळ झाली!"

"मग फोनवर घे."

फोन बघितला. बॅटरी लाल. चार्जर? तुम्हाला माहीतच आहे.

तेवढ्यात आतल्या खोलीतून धाडधाड आवाज आला. "अगं, कोणी आहे का घरात? हे दार नुसतं गरगर फिरतंय!" सासूबाईंनी नुकतंच हाताला क्रीम लावलं होतं.

"आई, टोपणावर दोन ठिपके आहेत, ते दाबून फिरवा!"

"चष्मा कुठंय माझा ठिपके बघायला?"

बाहेरून मी जोर लावला. ठिपके बरोबर दाबले, श्वास रोखला, फिरवलं. टोपण फिरलं, मूठ ढिम्म! पाकिटावर लिहिलं होतं, 'मोठी माणसं एका हाताने सहज उघडू शकतात.' असली वाक्यं कोण लिहितं ते मला चांगलंच माहीत आहे. मीच लिहिते!

नवऱ्याने फ्रिजवर चिकटवलेली सगळी शोभेची चुंबकं आणून कपाटावर घासली. केळं, फुलपाखरू, हसरा सूर्य, सगळे घासून झाले. कपाट ढिम्म!

"स्क्रूड्रायव्हर!" तो ओरडला. "बिजागऱ्या बाहेरून आहेत, दारच काढतो!"

स्क्रूड्रायव्हर सिंकखालच्या कपाटात. त्याला पट्ट्याचं लॉक. आम्ही दोघं ओट्याखाली उकिडवे बसलो. त्याने वरचं बटण दाबलं, मी खालचं. मग मी वरचं, त्याने खालचं. मग दोघांनी मिळून पट्टा ओढला. पाकिटावरचा एक दावा मात्र खरा निघाला : गोंद उत्तम होता!

इतक्यात मागून भिंगरी डुलत डुलत आली. आमच्या दोघांच्या मधून तिने आपला गुबगुबीत हात घातला, पट्ट्यावर कुठेतरी अंगठा दाबला, आणि खट्! कपाट उघडलं. आत हात घालून तिने स्क्रूड्रायव्हर काढला आणि "घे" म्हणून बापापुढे धरला. मी अशी किंचाळले की आतून सासूबाई ओरडल्या, "पडलं का कोणी? अरे, मला बाहेर काढा रे!"

नवरा बिजागऱ्यांवर तुटून पडला. एका हाताने स्क्रू, दुसऱ्या हाताने टॉवेल! कपाटाचं दार निखळलं, मी लॅपटॉप ओढून काढला, आणि उघडतेय तोच कॉल आला. नवऱ्याने आईच्या दाराखालच्या फटीतून स्क्रूड्रायव्हर आत सरकवला आणि धावत येऊन निखळलेलं दार उभं धरलं. ते माझ्याच डोक्यावर येत होतं.

"नमस्कार मॅडम!" मी तोंड भरून हसले.

संपादकबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. मी मान वळवली. माझ्यामागे एक कपाटाचं दार उभं होतं. दाराच्या वर नवऱ्याचं डोकं आणि खाली त्याच्या उघड्या पोटऱ्या. भिंगरी उघड्या कपाटात बसून एकेक पँट बाहेर फेकत होती. आणि तेवढ्यात सासूबाई हातात स्क्रूड्रायव्हर उगारून खोलीत शिरल्या. "फोडलं एकदाचं ते टोपण! कुठंय ती?"

"हे काय चाललंय?" संपादकबाईंनी विचारलं.

"टेस्टिंग, मॅडम."

"बरं. मग यातलं सर्वोत्तम कुठलं?"

सवयीने 'प्रत्येकाचं आपापलं वैशिष्ट्य आहे' हे वाक्य ओठांवर आलं. पण मागून एक पँट येऊन माझ्या डोक्यावर पडली आणि तोंडून खरं तेच निघालं. "मॅडम, बाळापासून सुरक्षित म्हणाल तर पट्टा अजिबात नाही. पण मोठ्या माणसांपासून सगळीच्या सगळी शंभर टक्के सुरक्षित आहेत."

बाई म्हणाल्या, "हेच लिहा." आणि कॉल कट!

संध्याकाळी नवऱ्याने जुना स्पीकर फोडून त्यातलं दणकट चुंबक काढलं. त्याने ड्रॉवर उघडला. स्पीकरचे अवशेष त्याने रागारागाने चुंबकासकट कचऱ्यात फेकले. सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, चावी दोऱ्यात ओवली आणि सरळ स्वतःच्या गळ्यात घातली. "आता ही माझ्याकडे. तुझ्या सुरक्षित जागा बघितल्या मी."

मी लेखात सगळं जसंच्या तसं लिहिलं. शेवटी एक सल्लाही दिला : लॉक कुठलंही घ्या, पण एक बरा स्क्रूड्रायव्हर हाताशी ठेवा. त्याखाली आमच्यासारख्याच स्क्रूड्रायव्हरची लिंक टाकली. काही दिवसांनी संपादकबाईंचा फोन आला. आवाज गंभीर.

"तुमच्या लेखावरून एकही लॉक विकलं गेलेलं नाही."

माझ्या डोळ्यांपुढे तो सॉकेट उभा राहिला. "मॅडम, मी पुन्हा लिहिते, मी..."

"पण लोकांनी स्क्रूड्रायव्हर इतके घेतलेत की कंपनीकडचा माल संपला! तुमचं काम पक्कं. पुढचा लेख 'घरासाठी सर्वोत्तम स्क्रूड्रायव्हर'. नमुने पाठवलेत. वापरून लिहा हं!"

मी भिंगरीला उचलून घरभर नाचले. पाळणाघर रद्द! आणि नाचत असतानाच खोकं आलं. उघडून बघते तर एकापेक्षा एक टोकदार हत्यारं! भिंगरीचे डोळे असे काही लकाकले! मी क्षणाचाही विलंब केला नाही. सगळे स्क्रूड्रायव्हर गोळा केले, आमचा जुनासुद्धा घेतला, ड्रॉवरमध्ये टाकले आणि ड्रॉवर ढकलला.

टक्!

मग मला आठवलं की सासूबाई सकाळीच नणंदेकडे महिनाभर राहायला गेल्या आहेत. घाईघाईने फोन लावला.

"आई, ती चावी..."

"गळ्यातच आहे गं!" सासूबाई गाडीच्या खडखडाटात ओरडल्या. "अगदी सुरक्षित! तू मुळीच काळजी करू नकोस."

तेव्हा मंडळी, 'घरासाठी सर्वोत्तम स्क्रूड्रायव्हर' हा माझा लेख लवकरच तुमच्या वाचनात येईल. त्यात 'मूठ हातात मखमलीसारखी बसते' असं वाक्य आलं, तर फार खोलात शिरू नका.