पाम आहे, तर मीठ कशाला?

हर्बर्ट टपरने अंगणात पाम लावला तेव्हा त्याचा हिशेब सरळ होता. जाणार एका झाडाचे पैसे. येणार नगरपरिषदेचा उत्तम बागेचा करंडक आणि शेजारच्या डोरीन गिबन्सचं उतरलेलं तोंड. आजवर करंडक डोरीनच्या गुलाबांनीच अडवून ठेवला होता.

पाम काटक जातीचा, चीनच्या डोंगरात बर्फ खाऊन वाढलेल्या घराण्यातला. इंग्लंडचा दक्षिण किनारा म्हणजे त्याला माहेरपणच. तरीही थंडी पडताच हर्बर्टने त्याला उबदार कापडात गुंडाळून वर स्वतःचा मफलर बांधला.

"स्वतः हीटर न लावता स्वयंपाकघरात कोट घालून बसतोस आणि झाडाला मफलर?" डोरीन कुंपणावरून म्हणाली.

"तुझे गुलाब शिंकताहेत बघ."

उन्हाळ्यात करंडक मिळाला. नगरपरिषदेने पामचा फोटो पर्यटनपत्रकावर छापला. एरवी असली पत्रकं कोणी वाचत नाही. हे नेमकं परिषदेच्याच रस्ते समितीने वाचलं आणि ठराव केला: 'ज्याअर्थी सदर गल्लीत पाम जोमाने वाढतो, त्याअर्थी तेथे बर्फ साचणे संभवत नाही. सबब, बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकणे बंद करण्यात येत आहे.'

हर्बर्ट समितीच्या प्लम्लीसाहेबांकडे धावला. "साहेब, आमच्याकडे दरवर्षी बर्फ साचतो!"

"पाम असताना? मग पाम काढा, मीठ सुरू करू. करंडक तेवढा परत करा. तो पामला दिलाय."

"देऊन टाक की रे!" डोरीन म्हणाली. "गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या हाडांपेक्षा तो पत्र्याचा पेला जड झाला?"

"पेला नाही, करंडक." हर्बर्टने विषय संपवला.

जानेवारीत गल्ली काचेसारखी गोठली. वाऱ्याने पामचं कापड सुटलं, मफलर उडाला, तो धरायला हर्बर्ट रस्त्यावर धावला आणि आडवा झाला. रुग्णवाहिका निसरड्यामुळे गल्लीच्या चढाखालीच थांबली. शेवटी डोरीनने त्याला खताच्या ढकलगाडीत घातलं.

"हळू गं, डोरीन!"

"गप्प पड. गरम प्रदेशात आहेस तू."

जमाखर्च असा: हर्बर्टचं खुब्याचं हाड गेलं, डोरीनची कंबर गेली, परिषदेचं मीठ वाचलं. पामचं काहीच गेलं नाही. तो उघड्या अंगाने बर्फात हिरवागार उभा होता.

आता 'पण करंडक शेवटी कोणाकडे राहिला?' असं तुमच्या मनात आलंच असेल, तर जपून चाला. तुमच्याही गल्लीत मीठ पडलेलं नाही.